एकच ताट, दोन पोटं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : वय ३२. सहा वर्षांपूर्वी जुलाब-उलट्यांचं मोठं दुखणं झालं. ते आठवड्याभरात बरं झालं, पण पोट पूर्वीसारखं कधीच झालं नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस कळ येते, शौचाला जाऊन आल्यावर ओसरते. कधी धावत सुटावं लागतं, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. संध्याकाळपर्यंत पोट इतकं फुगतं की कपडे आवळतात. रक्त, शौच, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असं निदान केलं. धाकटी बहीण सोबत राहते, तेच जेवते, तिला काही होत नाही. म्हणून पत्र लिहिणाऱ्या या ताईंनी आठ महिने एक वही ठेवली आहे : डाव्या रकान्यात स्वतःचं खाणं आणि त्रास, उजव्या रकान्यात बहिणीचं. बहिणीचं म्हणणं, 'सगळं तुझ्या डोक्यात आहे.' मधल्या काळात घरबसल्या करायची, शौचातल्या जिवाणूंची एक तपासणी केली. तिच्यात 'निरोगी व्यक्तींच्या तुलनेत असंतुलन' असा शेरा आला आणि सोबत सहा महिन्यांच्या गोळ्यांची शिफारस. एकेक पदार्थ सोडत खाणं आता आठ-नऊ पदार्थांवर आलं आहे. त्या विचारतात : 'निरोगी माणसात आणि माझ्यात नेमका फरक काय? आणि तो तपासणीत दिसत नसेल तर मी आजारी आहे की नुसतीच कमकुवत?' नाव-गाव प्रसिद्ध करू नये, अशी विनंती.

उत्तर :

पत्रासोबत तुम्ही वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेत. ते मी दोनदा नीट पाहिले. डावा रकाना गच्च, समासापर्यंत लिहिलेला. उजवा जवळजवळ कोरा : 'नेहमीसारखं', 'काही नाही', 'काही नाही', आणि एके ठिकाणी 'विचारलं, चिडली'. त्या 'चिडली'वर मला हसू आलं, राग मानू नका. आठ महिने कुणी रोज माझ्या शौचाची चौकशी केली असती तर मीही चिडले असते.

पण वहीमागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुम्ही घरात जे केलंत तेच संशोधक गेली पन्नासएक वर्षं करताहेत : आयबीएस असलेली माणसं एका बाजूला, निरोगी माणसं दुसऱ्या बाजूला, आणि फरक कुठे सापडतो ते बघायचं. त्यांना जे सापडलं त्यातलं बरंचसं तुमच्या बाजूचं आहे. थोडं तुम्हाला आवडणार नाही.

आधी त्या 'सगळं नॉर्मल'बद्दल. दवाखान्यात बसत होते तेव्हा मी स्वतः कित्येकदा रिपोर्ट पुढे सरकवून हे दोन शब्द मोठ्या खुशीत म्हटले आहेत. समोरच्याचा चेहरा का उतरतो, हे कळायला मला फार वर्षं लागली. मला म्हणायचं असायचं : कॅन्सर नाही, आतड्याला सूज नाही, जखम नाही, निर्धास्त राहा. समोरच्याला ऐकू यायचं : तुम्हाला काही झालेलंच नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसतं. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनावरून सूज आहे का ते कळतं. रक्तातून रक्तक्षय, संसर्ग कळतो. या सगळ्या तपासण्या आतड्याची घडण बघतात, आणि तुमची घडण खरोखरच बहिणीसारखी आहे. पण तबल्याचा कितीही स्वच्छ फोटो काढला तरी तो सुरात आहे की नाही ते फोटोत दिसत नाही. त्यासाठी थाप मारावी लागते.

तशी थाप मारून पाहिली गेली आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. फुग्यात ६० मिली हवा गेली तेव्हा निरोगी गटातल्या ६ टक्के लोकांना दुखलं, आयबीएसच्या गटात ५५ टक्क्यांना. फुगा तोच, हवा तेवढीच. त्यानंतर अधिक अचूक यंत्रांनी हा प्रयोग अनेकदा झाला, आणि आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांचं आतडं ताणाला लवकर दुखतं, हे टिकून राहिलं. सगळ्यांचं नाही, बऱ्याच जणांचं. हा शब्द लक्षात असू द्या, त्याच्याकडे पुन्हा येते.

मग गॅस. तुम्ही लिहिता, 'माझ्या पोटात बहिणीपेक्षा जास्त गॅस होतो हे नक्की.' इतकं नक्की नाही. १९७५ मध्ये आतड्यातला वायू, आर्गॉन नावाचा दुसरा वायू आत सोडून, धुऊन काढून मोजला होता. पोट फुगण्याची, दुखण्याची तक्रार असणाऱ्यांच्या आतड्यात निरोगी माणसांपेक्षा जास्त वायू निघालाच नाही. दोन्ही गटांत सरासरी दोनशे मिलीच्या आसपास. पुढे २००१ मध्ये वेगळ्या अंगाने पाहिलं गेलं : नळीतून लहान आतड्यात मिनिटाला १२ मिली वायू सोडत राहायचं आणि तो बाहेर कसा जातो ते बघायचं. आयबीएसच्या २० पैकी १८ जणांच्या पोटात वायू अडकला, किंवा पोट फुगलं, किंवा त्रास झाला. निरोगी २० पैकी फक्त चौघांना तसं झालं. म्हणजे प्रश्न वायू किती तयार होतो याचा कमी आणि तो पुढे कसा सरकतो, आतडं त्याला कसं घेतं, याचा जास्त.

तुमच्या वहीच्या सगळ्यांत जवळचा प्रयोग मात्र २०१७ मधला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २९ आयबीएसचे रुग्ण आणि २९ निरोगी माणसं घेतली. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी साखरेच्या वेगवेगळ्या प्रकारांची पेयं दिली. एकात इन्युलिन होतं. ते आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंचं खाद्य होतं आणि त्यातून वायू सुटतो. एकात फ्रुक्टोज, ते लहान आतड्यात पाणी ओढून घेतं. मग तासातासाने एमआरआय. एकच ताट, दोन पोटं, आणि पोटाच्या आत बघायला यंत्र! चित्रांत दिसलं ते असं : वायू दोन्ही गटांत सारखाच वाढला, पाणीही सारखंच वाढलं. आतलं दृश्य तेच. त्रास मात्र आयबीएसच्या गटाला कितीतरी जास्त.

हे वाचून थोडं थांबा. तुमच्या वहीतला उजवा रकाना कोरा आहे याचा अर्थ बहिणीच्या पोटात जेवणानंतर काही घडत नाही असा होत नाही. तिच्याही आतड्यात वायू सुटतो, पाणी वाढतं, आतडं ताणलं जातं, आकसतं. तिला ते कळत नाही, इतकंच. तुमच्यात आणि तिच्यात जो फरक आहे तो बहुधा घडण्याचा नाही, ऐकू येण्याचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात २०१४ साली झालेल्या आहाराच्या प्रयोगातही हेच आलं. आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी असलेला आहार, ज्याला फॉडमॅप कमी असलेला आहार म्हणतात, तो २१ दिवस आणि नेहमीचा आहार २१ दिवस. आयबीएसच्या ३० जणांचा त्रास शंभराच्या मापावर नेहमीच्या आहारात सरासरी ४५ च्या आसपास होता, तो २३ पर्यंत उतरला. सोबतीला आठ निरोगी माणसं होती. त्यांना दोन्ही आहारांत फारसा त्रासच नव्हता, त्यामुळे उतरायला काही नव्हतं. तुमच्या बहिणीला कांदा चालतो म्हणून तुम्हालाही चालायला हवा, किंवा तुम्हाला चालत नाही म्हणजे कांदाच वाईट, ही दोन्ही अनुमानं इथे गळून पडतात.

आता 'डोक्यात आहे' याबद्दल. तुमची बहीण हे वाक्य ज्या अर्थाने म्हणते त्या अर्थाने ते चूक आहे. आयबीएसची माणसं मुळातच दुखण्याचा बाऊ करतात, असा समज पूर्वी डॉक्टरांमध्येही होता. मग १९९० च्या सुमारास कुणीतरी साधी गोष्ट करून पाहिली : आतड्यातल्या फुग्याबरोबर हात बर्फाच्या पाण्यात धरायला सांगितला. आयबीएसच्या रुग्णांना आतड्याचा ताण कमी सोसला, पण बर्फाचं पाणी त्यांनी इतरांइतकंच सोसलं. नुसता मनाचा हळवेपणा असता तर हातानेही तक्रार केली असती.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिने तुलना करणाऱ्यांचीच चूक दाखवली. दवाखान्यात येणाऱ्या आयबीएसच्या रुग्णांत चिंता, नैराश्य जास्त दिसतं, हे खरं. १९८८ मध्ये संशोधकांनी तिसरा गट शोधला : आयबीएसची सगळी लक्षणं आहेत पण डॉक्टरकडे कधी गेलेच नाहीत, अशी माणसं. ती मनाने निरोगी गटासारखीच निघाली. म्हणजे चिंता आजाराबरोबर कमी आणि दवाखान्याची पायरी चढण्याबरोबर जास्त जोडलेली होती. दवाखान्यात बसून जग पाहणाऱ्या आम्हा लोकांना हे कळायला इतकी वर्षं लागली, यात नवल नाही.

तरीही बहिणीच्या वाक्यातला एक अर्धा शब्द मी तिच्या पदरात टाकणार आहे. आतड्यातून येणारा निरोप शेवटी मेंदूच ऐकतो, आणि किती मोठ्याने ऐकायचा हेही तोच ठरवतो. २००८ च्या एका मेंदूच्या अभ्यासात आयबीएस असलेल्या आणि निरोगी स्त्रियांना आधी सूचना दिली जाई की आता आतड्याला ताण देणार आहोत. त्या वाट पाहण्याच्या क्षणांत निरोगी स्त्रियांच्या मेंदूतले, दुखणं जाणणारे काही भाग आपणहून शांत होत. आयबीएसच्या स्त्रियांत ते तेवढे शांत होत नव्हते. फुगा फुगायच्या आधीचीच ही गोष्ट. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. तुमच्या आतड्याने सहा वर्षांपूर्वी तोंड पोळून घेतलं आहे. याला कमकुवतपणा म्हणायचं असेल तर पहारेकऱ्याच्या जागं राहण्यालाही म्हणावं लागेल.

तुमच्या पत्रातला तो जुलाबांचा आठवडा तुम्ही एका ओळीत उरकलात, मला मात्र तो सगळ्या पत्राची किल्ली वाटला. कॅनडातल्या वॉकरटन नावाच्या छोट्या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात रोगजंतू शिरले, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले. नंतर तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. दोन-तीन वर्षांनी, ज्यांना तेव्हा काही झालं नव्हतं त्यांच्यात सुमारे १० टक्क्यांना आयबीएस होता. ज्यांचा संसर्ग नोंदींवरून पक्का झाला होता त्यांच्यात ३६ टक्क्यांना. गाव तेच, पाणी तेच. पाठपुराव्यातल्या सगळ्यांत मिळून पाहिलं तर दोन-तीन वर्षांनी सुमारे २८ टक्के असलेलं आयबीएसचं प्रमाण आठ वर्षांनी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. म्हणजे बऱ्याच जणांचं पोट उशिरा का होईना, निवळलं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ते असं. सगळ्यांचं जातंच, असं वचन मी देणार नाही.

आनुवंशिकतेचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला, आयबीएस असलेले ५३,४०० लोक आणि नसलेले चार लाखांहून जास्त. जनुकांच्या नकाशावर फरकाच्या सहा जागा सापडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच चिंता, मनःस्थिती यांच्याशी जोडलेल्या जागा होत्या. चिंतेमुळे पोट बिघडतं असा याचा अर्थ संशोधकांनीही काढला नाही. दोन्हींची मुळं काही ठिकाणी एकाच मातीत आहेत, एवढंच. आणि आयबीएस होण्यात जनुकांचा वाटा मुळात थोडाच दिसला. तेव्हा सख्ख्या बहिणीला नाही आणि मला का, या प्रश्नात फार अडकू नका.

इथपर्यंतचं तुमच्या बाजूचं झालं. आता न आवडणारं.

तुम्ही 'निरोगी' हा शब्द असा वापरता जणू भिंतीपलीकडे दुसरा देश आहे. अभ्यासातली 'निरोगी' माणसं निवडून घेतलेली असतात : ज्यांना पोटाची काहीच तक्रार नाही, अशीच. बाहेरचं जग तसं नाही. ३३ देशांतल्या ७३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून उत्तरं देणाऱ्यांत काटेकोर व्याख्येप्रमाणे आयबीएस सुमारे ४ टक्क्यांना होता, पण पोट-आतड्याचं या जातीचं कुठलं ना कुठलं दुखणं ४० टक्क्यांहून अधिक लोकांना होतं. ती काटेकोर व्याख्या म्हणजे २०१६ चे रोम निकष : गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी, आणि शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, स्वरूपात बदल, या तिन्हींपैकी दोन तरी; सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. महिन्यातून दोनदा पोट धरून बसणारी व्यक्ती या रेषेच्या अलीकडे राहते. तिला आयबीएस नाही. पण तिचं पोट निमूट आहे, असंही नाही. दिवसातून तीनदा शौचाला जाणाराही सामान्य आणि तीन दिवसांतून एकदा जाणाराही जवळपास सामान्यच.

आणि तुमचा उजवा रकाना बहिणीने लिहिलेला नाही. तो तुम्ही लिहिला आहे. 'काही नाही' हे तिचे शब्द आहेत की तुमचा अंदाज? तिला एकदा शांतपणे विचारा, महिन्यातून किती वेळा पोट बिघडतं. चार पानांवरून मला तरी ते कळलं नाही.

त्या जिवाणूंच्या तपासणीबद्दल तर मी स्पष्टच बोलते : गोळ्या घेऊ नका. आयबीएसच्या रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत सरासरीने फरक आढळतात, पण एका अभ्यासात एक, दुसऱ्यात दुसरा. एका माणसाच्या शौचावरून त्याला आयबीएस आहे की नाही हे ठरवता येईल असा पक्का नमुना आजवर मिळालेला नाही. सरासरीचा फरक आणि एका माणसाचं निदान यांत लोकांची फार गल्लत होते. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते. पण पडद्याआडच्या माणसाची नुसती उंची सांगितली, तर तो पुरुष की स्त्री हे तुम्ही छातीठोक सांगाल का? मघाच्या वायूच्या प्रयोगात निरोगी २० मधल्या चौघांनाही त्रास झालाच होता, आणि आयबीएसमधले दोघे ठणठणीत राहिले. दोन गट असे एकमेकांत शिरलेले असतात. म्हणून मी 'बऱ्याच जणांचं' हा शब्द लक्षात ठेवायला सांगितला. शिवाय तुम्ही आठ-नऊ पदार्थांवर जगताय. जिवाणू आपण जे खातो त्यावर जगतात. तुमच्या अहवालातलं 'असंतुलन' हे आजाराचं कारण नसून तुमच्या ताटाची सावली असू शकतं. ज्यांनी अहवाल दिला त्यांनीच औषध विकावं, हेही मला खटकतं.

जिवाणूंपेक्षा मला २०२१ चं बेल्जियममधलं एक काम अधिक रंजक वाटतं. तिथल्या संशोधकांनी आयबीएसच्या १२ रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात दुर्बिणीतून गहू, सोया, दूध अशांचे अंश टोचले. बाराही जणांना निदान एका पदार्थाने तिथल्या तिथे सूज आली; निरोगी आठांपैकी दोघांना आली. रक्तात नेहमीची ॲलर्जी दिसत नव्हती. संसर्गाच्या काळात पोटात असलेल्या अन्नाशी आतड्याचं वैर जमत असावं, अशी त्यांची मांडणी आहे. मात्र गट छोटे आहेत, आणि ही तपासणी कुठे विकत मिळणारी गोष्ट नाही. तशी जाहिरात दिसली तर पुढे चला.

मग करायचं काय?

पहिलं, डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून घ्या. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार, त्याची रक्तचाचणी झाली का, आणि झाली तेव्हा तुम्ही गहू खात होतात का. गहू सोडल्यावर ती चाचणी खोटी 'नॉर्मल' येऊ शकते, आणि तुम्ही गहू केव्हा सोडलात हे पत्रात नाही. दुसरी गोष्ट, तुमचे पातळ शौचाचे दिवस वाढले, तर पित्तरसातली आम्लं नीट शोषली न गेल्याने होणारा जुलाब आहे का, हे बघता येतं. त्याचं औषध वेगळं. याउलट शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, यांतलं काही असेल तर, हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, आयबीएस म्हणून स्वस्थ बसू नका. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा सुजेचा आजार असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हे काही नसेल तर पुन्हा कोलोनोस्कोपी करून घेण्यात अर्थ नाही. आयबीएसचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही, आयुष्यही त्याने कमी होत नाही. जगणं मात्र अवघड होतं. २००९ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत रुग्णांना विचारलं होतं की पूर्ण बरं वाटण्याच्या बदल्यात उरलेल्या आयुष्यातली किती वर्षं द्याल. सरासरी उत्तर १५ वर्षांचं होतं. स्वतःला कमकुवत म्हणण्याआधी हा आकडा आठवा.

दुसरं, ताट. तुम्ही जे केलंत ते फॉडमॅपच्या आहाराची पहिली पायरी चढून तिथेच मुक्काम ठोकण्यासारखं आहे. तो आहार मुळात चार ते सहा आठवड्यांपुरता. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, सफरचंद, मध अशा गोष्टी थांबवायच्या, फरक पडतो का बघायचं. पडला नाही तर सगळं पुन्हा सुरू. पडला तर एकेक पदार्थ परत आणायचा : पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका, मग दोन-तीन दिवस मोकळे सोडून पुढचा. दूध चालत नाही पण दही चालतं, लसूण चालत नाही पण गहू चालतो, असं ज्याचं त्याचं निघतं. हा आहार फार काळ चालवला तर आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया नावाचे चांगले जिवाणू कमी होतात, हे मोजलं गेलं आहे. तेव्हा आहारतज्ज्ञाच्या मदतीने परतीच्या वाटेला लागा. तंतुमय म्हणून कोंडा खात असाल तर थांबवा, त्याने अनेकांचं पोट आणखी फुगतं. इसबगोल थोडं थोडं वाढवत घेतलं तर बऱ्याच जणांना मानवतं.

संध्याकाळी फुगणाऱ्या पोटाबद्दल एक गोष्ट. ते खरंच बाहेर येतं, तुमचा भास नाही. पण स्कॅनमध्ये असं दिसलंय की बऱ्याच जणांत छातीखालचा पडदा खाली उतरतो आणि पोटाचे स्नायू सैल सुटतात. आतला ऐवज तेवढाच, जागा बदललेली. पडदा आणि पोटाचे स्नायू ताब्यात आणायला शिकवून हे कमी करता येतं, हेही तपासलं गेलं आहे. जाणता फिजिओथेरपिस्ट भेटला तर विचारा.

औषधांत कळ कमी करणारी औषधं आहेत, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आहेत. तुम्ही लिहिता, डॉक्टरांनी 'नैराश्याची गोळी' लिहून दिली आणि तुम्ही अपमान वाटून ती घेतलीच नाही. ते ॲमिट्रिप्टिलिन असावं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅमच्या डोसाने सहा महिन्यांत आयबीएसचा त्रास नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक कमी झाला. नैराश्याला जेवढा डोस लागतो त्याच्या मानाने हा किरकोळ आहे. इथे ते मज्जातंतूंचा आवाज कमी करायला देतात. तोंड कोरडं पडतं, झोप येते, हे खरं. घ्यायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, अपमान मात्र त्यातून वजा करा. हेच मानसोपचारांबद्दल. २०१९ मध्ये ५५८ जणांवर झालेल्या चाचणीत फोनवरून किंवा वेबसाइटवरून दिलेल्या वर्तनोपचाराने, नेहमीचे उपचार करून न भागलेल्यांनाही फरक पडला. डोक्यात आहे म्हणून नव्हे, तर ऐकणारा कान तिथे आहे म्हणून.

तिसरं, वही. उजवा रकाना आजपासून बंद. डाव्यात खाण्याबरोबर झोप, पाळीचे दिवस (पाळीच्या आसपास त्रास वाढणं फार जणींत दिसतं), त्या दिवशी कुठे पोहोचायची घाई होती का, आणि दुखणं शून्य ते दहात किती, एवढं लिहा. दोनच आठवडे. मग वही डॉक्टरांना दाखवा आणि कपाटात ठेवून द्या. रोज पोटाला कान लावून बसणाऱ्याला पोट जास्त ऐकू येतं, हे तुम्हाला मेंदूच्या त्या प्रयोगावरून कळलंच असेल. पदार्थ परत आणताना लागेल तेव्हा बाहेर काढा.

पहिला पदार्थ कोणता आणायचा, हे तुम्ही ताजा कलम टाकून विचारलंय. ज्याची सगळ्यांत जास्त आठवण येते तो. अर्धा चमचा का होईना, पण दुपारच्या जेवणात, आणि ज्या दिवशी कुठे जायचं नाही अशा दिवशी. बहिणीलाही सोबत बसवा. ताट एकच असू द्या, पण तिला काही विचारू नका.